ती झाडाखाली एकटी होती

त्या दिवशी शिवारात वीज पडली आणि माझी बहीण मेली. दुपार होती. सोयाबीनची काढणी चालली होती. बाया आखाड्याच्या छपराखाली होत्या. बहीण झाडाखाली होती.

ही पाच वाक्यं मी पुढं इंटरनेटवर अनोळखी माणसांसाठी इतक्यांदा लिहिली की ती माझ्या बोटांना पाठ झाली. पहिली चार सगळ्यांना चालायची. पाचवं कुणालाच नको असायचं. त्या एका वाक्यासाठी मी काही वर्षं भांडले. ती झाडाखाली का होती, एवढंच कुणीतरी नीट म्हणावं, इतकीच माझी मागणी होती.

आमचं गाव हिंगोलीहून कळमनुरीला जाताना रस्ता सोडून आत आहे. वडील गेल्यावर आईनं आणि धाकटीनं मिळून शेत धरलं. मी शिकले, हिंगोलीत एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि शनिवारी गावी जाऊ लागले. धाकटीचं दहावीनंतर शिक्षण थांबलं, पण त्याचं तिला वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तिला रान आवडायचं. मी पुस्तकं वाचायची आणि तिला सांगायची, असा आमचा लहानपणापासूनचा रिवाज होता. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "अक्का, समदं कळालं. पण तुमचा हा गुरुत्वाकर्षणवाला माझ्या डोक्यावरचा भारा काहून हलका करीत न्हाई?"

ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. गावानं त्या पायांना दोन गोष्टी चिकटवल्या होत्या. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, ही एक. आणि पायाळू माणसावर वीज पडते, ही दुसरी.

पहिलीमुळं आमच्या ओट्यावर सकाळी माणसं यायची. कमरेत वाकलेली, एक हात पाठीवर दाबून धरलेली. येऊन पालथी पडायची. धाकटी हातातला झाडू टाकून यायची आणि डावा पाय तीनदा पाठीला लावायची. त्या वेळी बोलायचं नसतं, पण तिला ते जमायचं नाही. शेजारची मावशी तर दर सुगीला हमखास यायची. ही काही आमची सख्खी मावशी नाही, पण आम्ही तिच्या अंगाखांद्यावर वाढलो.

"जोरानं मार की माय, काहून लाजती?" मावशी जमिनीत तोंड खुपसून म्हणायची.

"मारते. पण सवय लागंल ना मला. उद्या सासूला हाणली तर?"

"हाण. तिची बी उसण उतरंल."

सासू काही तिला मिळाली नाही. दोन स्थळं आली होती, ती दुसऱ्या गोष्टीमुळं परत गेली. आमच्या रानात वीज कशाला आणायची, असं एकांनी तोंडावर सांगितलं. आभाळ भरून आलं की आई तिला घरात ओढून दार लावायची. एकदा मी शाळेतून होकायंत्र घरी आणलं होतं आणि ते धाकटीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवून पाहिलं होतं. तिच्यात काही चुंबक-बिंबक आहे का, हे आम्हां दोघींनाही बघायचं होतं. सुई उत्तर सोडून हलली नाही. धाकटी म्हणाली, "ह्याला मी आवडले न्हाई वाटतं."

आमच्याकडं काढणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं रान काढायचं, उद्या माझं. कुणी कुणाला मजुरी देत नाही, कामाची फेड कामानंच होते. त्या दिवशी पाळी मावशीच्या रानाची होती. शेताच्या मधोमध तिचा आखाडा. आखाडा म्हणजे लोखंडी खांबांवर पत्रे टाकलेलं, तीन बाजूंनी कुडाचं छप्पर. आत अवजारं, वैरण, पाण्याचा रांजण. परतीच्या पावसाचं आभाळ आलं तशा सगळ्या बाया विळे टाकून तिकडं पळाल्या. पुढचं मी मावशीच्याच तोंडून ऐकलं. सुतकात ती आईजवळ बसायला आली, आईचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं.

"आमी समद्या आत घुसलो. ती बी आली. मग मीच म्हणलं, माय, तू जरा तिकडं व्हय, लेकरं हाईत आमच्यापाशी. गेली बिचारी. हसतच गेली. म्हणली, जाते बाई, माझ्यापायी तुमचा आखाडा कशाला जळायला. अन् त्या लिंबाखाली जाऊन हुबी राहिली की झालंच. बराबर तिच्यावरच."

आई मान हलवत होती. बसलेल्या बाया मान हलवत होत्या. मी विचारलं, "तिला उचललं कुणी?"

"कशी उचलावी बाई? अंगात वीज असती ना. हात लावणाराबी जातो. मग सडकेनं टॅक्टर येऊन राहिला होता, त्या माणसानं उचललं."

"किती वेळानं?"

"आता ते काय ध्यानात हाय."

विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. ती क्षणात जमिनीत निघून जाते. त्याला हात लावता येतो, लावलाच पाहिजे, कारण पुष्कळदा नुसतं काळीज थांबलेलं असतं आणि छाती दाबत राहिलं तर ते परत चालू होऊ शकतं. धाकटीचं झालं असतं की नाही, ते मला माहीत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही. आखाड्यातल्या प्रत्येकीच्या पाठीवर तिनं कधी ना कधी पाय ठेवला होता. त्यांच्यातल्या एकीनंही तिला हात लावला नाही.

मी आईशी बोलून पाहिलं. आई म्हणाली, "तू वाद घालू नको. तिच्या पायातच होतं ते. असं म्हणलं की मला जरा डोळा लागतो." आईची झोप घेऊन मला विज्ञान शिकवायचं नव्हतं. म्हणून गावात मी गप्प झाले. राग गप्प झाला नाही. तो माझ्याबरोबर रविवारी संध्याकाळच्या गाडीनं हिंगोलीला यायचा आणि सोमवारी फळ्यापुढं उभा राहायचा.

दोन-तीन वर्षांनी हिंगोलीत, बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, इंटरनेटचं दुकान निघालं. प्लायवूडच्या खोपट्या, प्रत्येकीला पडदा. बाई माणूस म्हणून मालक मला पंख्याखालची खोपटी द्यायचा आणि "मॅडम, तकलीफ हुई तो बोलो" म्हणायचा. मुख्य तकलीफ भारनियमनाची होती. अर्धा तास लिहिलेलं उत्तर दिव्याबरोबर जायचं. शाळा सुटल्यावर मी तिथं बसायची. आधी बातम्या वाचल्या, मग मराठी माणसांची एक चर्चेची जागा सापडली. तिथं माणसं टोपणनावानं लिहायची, बरेचसे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. माझ्या टोपणनावावरून मी बाई की पुरुष ते कळत नव्हतं. वाद विज्ञानाचा, म्हणून सगळ्यांनी मला पुरुष धरलं. मी ते तसंच राहू दिलं.

तिथं चर्चेचा एक धागा चालला होता, आपल्या रूढींमागचं विज्ञान असा. त्यात पुण्यात नोकरी करणारा, मूळचा वाशीमकडचा एक अभियंता पुढारी होता. त्यानं लिहिलं होतं: मानवी शरीर हे चुंबक आहे. डोकं उत्तर ध्रुव, पाय दक्षिण. पायाळू बालकाचे ध्रुव जन्मतःच उलटे होतात, त्यामुळं ते आकाशातली वीज खेचून घेतात. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, आपण मात्र हसतो.

मी हसले नाही. मग मी लिहिलं की माणूस चुंबक असता तर आमच्या वर्गातली पोरं रोज अंगाला टाचण्या चिकटवून आली असती. लिहिलं की होकायंत्र घ्या आणि एखाद्या पायाळू माणसाभोवती फिरवून बघा, मी बघितलं आहे.

"साहेब, सगळंच तुमच्या होकायंत्रात मावत नाही."

"इंग्रजी पुस्तकं वाचून आपल्या माणसांना शहाणपण शिकवणारे पुष्कळ झाले."

"आज विज्ञान नाकारतं, उद्या तेच मान्य करतं. थांबा जरा, घाई काय आहे?"

घाई काय आहे, हे एक अमेरिकेत राहणारा मराठी माणूस मला सांगत होता. त्याच्या घरातून पावसाळ्यात कुणी कुणाला बाहेर काढत नसणार.

मी दिवसचे दिवस उत्तरं लिहिली. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं परत परत वाचून, एक शब्द चुकू नये म्हणून आधी कागदावर उतरवून. ढगातून वीज टप्प्याटप्प्यानं खाली येते. कुठं पडायचं हे अगदी शेवटच्या टप्प्यात, जमिनीजवळ आल्यावर ठरतं. त्या वेळी उंच काय आहे, टोकदार काय आहे, एकटं काय उभं आहे, याला महत्त्व असतं. माणूस आईच्या पोटातून कुठल्या बाजूनं आला, हे विजेला कळायला काही मार्ग नाही. झाडावर पडलेली वीज झाडाखालच्या माणसावर उडी मारते, कारण लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून जाणं तिला सोपं असतं. हे मी शांतपणे लिहीत होते, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. मी दात आवळून लिहीत होते.

मग एक दिवस त्या अभियंत्यानं लिहिलं: आता पुरावाच देतो. आमचे एक नातेवाईक कनेरगाव नाक्यावर धाब्यावर जेवायला थांबले असता त्यांना कळलेली सत्य घटना. कळमनुरी भागात दहा बाया एका कडुलिंबाखाली उभ्या होत्या. त्यातली एक पायाळू. वीज पडली. नऊ जणींना खरचटलंसुद्धा नाही, बरोबर तिच्यावरच पडली. विज्ञानवाल्यांनी उत्तर द्यावं.

मी ते तीनदा वाचलं. शेजारच्या खोपटीत कुणीतरी सिनेमातलं गाणं लावलं होतं. माझी बहीण कुठल्यातरी धाब्यावर, पिठलं-भाकरीबरोबर, कुणाच्या तरी तोंडात गेली होती आणि तिथून पुण्याला जाऊन पुरावा होऊन आली होती. वाटेत आखाडा गळून पडला होता. लेकरं गळाली होती. तू जरा तिकडं व्हय, हे गळालं होतं. नऊ बायांना उचलून तिच्याबरोबर झाडाखाली उभं केलं होतं, म्हणजे मग वीज निवड करते हे सिद्ध होत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं दुःख तिथं लिहिलं. ती माझी बहीण. झाडाखाली दहा बाया नव्हत्या. ती पाच वाक्यं. आणि सहावं, की तिला आखाड्यातून बाहेर पाठवलं होतं, पायाळू होती म्हणून.

क्षणात मी साहेबाची ताई झाले. वाईट वाटलं, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, असं पुष्कळांनी लिहिलं. अभियंत्यानंही लिहिलं: "ताई, तुमच्या भावना समजू शकतो. पण भावना आणि विज्ञान यांची गल्लत करू नये. तुम्ही स्वतः तिथं होतात का? प्रत्यक्ष पाहणारं कोण?"

माणूस चुंबक आहे म्हणणारा मला पुरावा मागत होता. आणि माझा संताप असा की मागणी बरोबर होती. मी तिथं नव्हते.

शनिवारी गावी जाऊन मी थेट मावशीच्या अंगणात बसले. ती सुपात तूर पाखडत होती.

"मावशी, लोक म्हणून राहिलेत की तुमी समद्या तिच्यासंगं लिंबाखालीच होत्या."

"कोण म्हणतं मुडदा? आमी आखाड्यात होतो."

"मग ती लिंबाखाली काहून होती?"

"मीच धाडलं ना. तुला तवाच सांगितलं की."

"पायाळू होती म्हणून."

"व्हय."

"आखाड्यावर पडली का वीज?"

"कशी पडंल? ती न्हवती ना आत."

"आणि आत असती तर?"

"तर समद्या मेलो असतो."

"मावशी, ती जन्मभर आमच्या घरात राहिली. दर पावसाळ्यात आई तिला आत घेऊन दार लावायची. आमच्या घरावर कधी पडली वीज?"

मावशीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता म्हणेल. मग ती म्हणाली, "तुझ्या मायचं नशीब बळकट, बाई." आणि सूप उचललं.

सोमवारी मी मावशीचा शब्द न शब्द त्या धाग्यावर उतरवला. धाब्यावरची गोष्ट खोटी आहे, हे पाहणारीच्या तोंडून आलं होतं. आता तरी तो मागं सरेल, असं मला वाटलं. त्यानं लिहिलं: "म्हणजे बघा! आतल्या वाचल्या, कारण पायाळू व्यक्ती आत नव्हती. ही घटना तर माझा मुद्दा अधिकच सिद्ध करते." खाली पाचसहा जणांनी वा, वा लिहिलं. एकानं टाळ्या वाजवणारे हात काढले होते.

मावशी चौथीपर्यंत शिकली होती. तो अभियंता होता. दोघं एकाच ठिकाणी येऊन थांबले. पण मावशीनं निदान आखाडा लपवला नाही. ती बाहेर कशी गेली, हे तिनं विचारल्याबरोबर सांगितलं, दोन्ही वेळा. त्या फरकासाठी मला मावशीवरचा राग अर्धा करता आला असता. मी तो केला नाही. बोळवण करायला हसऱ्या चेहऱ्याची पोरगी मिळाली म्हणून माणूस निर्दोष होत नाही.

मी धाग्यावर इतकंच लिहिलं की तुमच्या नियमानं पायाळू माणूस बाहेर मेला तरी नियम खरा, आत जगला तरी नियम खरा. ज्याला खोटं ठरायची काही वाटच नाही, त्याला आमच्या शाळेत सातवीतलं पोरगंसुद्धा विज्ञान म्हणत नाही. दोन दिवसांनी धागा उपवासाच्या शास्त्रीय फायद्यांकडं वळला.

मग त्या अभियंत्याचा मला खाजगी निरोप आला. सगळ्यांना दिसणार नाही, फक्त मला दिसेल असा. त्यात ध्रुव नव्हते, पूर्वज नव्हते. "ताई, माझी मुलगी पायाळू आहे. पाच वर्षांची. सुटीत गावी गेलो की आभाळ आल्यावर आई तिला वेगळ्या खोलीत बसवते, बाकी नातवंडं स्वतःजवळ. मुलगी रडते. मी आईला काही बोलू शकत नाही. तुम्ही म्हणता ते नक्की खरं आहे का?"

म्हणजे त्याला तेवढ्यासाठीच ते विज्ञान हवं होतं. आईशी भांडायला नको म्हणून त्यानं मुलीच्या अंगात चुंबक बसवलं होतं. मला त्याची कीव यायला हवी होती. मला अधिकच राग आला. माझ्या बहिणीला सगळ्यांसमोर पुरावा करायचं आणि स्वतःच्या मुलीबद्दल कुजबुजत विचारायचं!

मी उत्तर लिहिलं. "नक्की खरं आहे. तिला सगळ्यांच्या मधोमध बसवा. तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसा. आईला जे सांगायचं ते सांगा, पण मुलीला त्या खोलीत एकदाही पाठवू नका. आणि ती धाब्यावरची गोष्ट खोटी होती, ती झाडाखाली एकटी होती आणि तिला तिथं पाठवलं होतं, हे धाग्यावर तुमच्या नावानं लिहा. एक वाक्य पुरे."

त्याचं उत्तर आलं: "मुलीचं बघतो. बाकीचं सोडून द्या ना ताई, आता जुना विषय झाला."

मी सोडून दिलं नाही. आठवड्याला एकदा मी त्याला तेच विचारत राहिले, लिहिलं का? पुढं पुढं त्यानं उत्तर देणं बंद केलं. धाग्यावर तो लिहीत होता, उपवासावर, तांब्याच्या भांड्यांवर. त्या गोष्टीतल्या दहा बाया लिंबाखाली तशाच उभ्या राहिल्या. मुलगी त्या उन्हाळ्यात कुठं बसली, ते मला कळलं नाही. ती आत बसली असेल, असं मी धरून चालते. धरून चालणं हे माझ्या विषयात बसत नाही.

पुढं ती चर्चेची जागा बंद पडली. एक दिवस पान उघडलं नाही, मग कधीच उघडलं नाही. त्यांचं लिहिलेलं गेलं आणि माझंही गेलं. इंटरनेटच्या दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्ती आली. आई, तिच्या पायातच होतं ते, असं म्हणतच वारली. मावशी आहे. सुगीत तिची पाठ भरते, आणि गावात आता दुसरी पायाळू नसल्यामुळं ती हळद-चुना लावून पडून राहते.

जळलेला लिंब तिच्या मुलांनी सरपणासाठी तोडला. आखाडा आहे. त्यावर पत्रे नवे घातले आहेत. पंधरा-वीस माणसं त्यात सहज बसतात.